पडद्यामागचा सोंगाड्या

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात विनोदी नटाची ओळख नाट्यगृहात होत नसे. नाट्यगृह शहरात, आणि शहर दूर. नट गावात यायचा तो रस्त्याने, आणि बहुधा दिवसाढवळ्या. जत्रेच्या मैदानात तमाशाचा ट्रक लागला, की कनात उभी राहण्यापूर्वीच पोराटोरांचा घोळका फडातला सोंगाड्या कोणता हे ओळखण्याच्या उद्योगाला लागे. हॉटेलाच्या बाकावर भजी खात बसलेला, दाढीचे खुंट वाढलेला एखादा अबोल माणूस रात्री पेंद्या होऊन कृष्णाची फजिती करताना दिसला, की दुपारचे सगळे अंदाज कोसळत. शहरी प्रेक्षकाला नट दिसतो तो पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत. खेड्याला ही मर्यादा नव्हती. तेथे सोंगाड्या चोवीस तास सोंगाड्याच असे, किंवा निदान गावाची तशी अपेक्षा असे.

वऱ्हाडात तर रंगमंचावाचून पोट भरणारा विनोदी नटही परिचयाचा होता. बहुरूपी हा तो नट. खाकी गणवेश चढवून, शिट्टी फुंकत, हातातल्या वहीत काहीबाही लिहीत तो दारात उभा राही आणि घरधन्यावर वाटेल तो गुन्हा दाखल करी. मांजराला परवान्याशिवाय दूध पाजले, सासू घरात असताना मोठ्याने हसला, असले ते गुन्हे. घरातली लहान मुले घाबरत, मोठी हसत, आणि दंड म्हणून पसाभर ज्वारी त्याच्या झोळीत पडे. येथे तिकीट नाही, पडदा नाही, रंगमंच आणि बाहेर असा भेदच नाही.

जुन्या विनोदी नटांच्या आठवणी निघाल्या, की त्यांच्या भूमिकांपेक्षा रंगमंचाबाहेरच्या करामतीच अधिक रंगवून सांगितल्या जातात. कोणी सहकलाकाराला कसे फसवले, कोणी प्रेक्षकाला कसे गप्प केले, कोणी मालकाकडून पैसे कसे काढले, हे किस्से एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि जाताना फुगतात. अभ्यासक त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहतात आणि बाजूला सारतात. सोंगाड्याच्या बाबतीत मात्र तसे करणे महागात पडते, कारण त्याची निम्मी कला कधी लिहिलीच गेली नाही. ती जेथे घडत असे त्या जागेला रंगमंच म्हणावे की रंगमंचाबाहेर, हे त्याच्या प्रेक्षकालाही सांगता आले नसते.

तमाशाची बांधणी पाहिली तर हे उलगडते. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा हा क्रम. गण देवाचा, तेथे सोंगाड्याला फारसे काम नाही. गौळणीत तो पेंद्या होतो; मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी झालेला पुरुष नट आणि वाट अडवणारा कृष्ण यांच्यामध्ये त्याची जीभ सुटते. बतावणीत तर तो राजाच. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक शहाणपणाने बोलतो आणि दुसरा त्याच्या शहाणपणाचा एकेक टाका उसवतो. वग हे त्यानंतरचे नाट्य. उमाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा १८६५ मधला वग पहिला मानला जातो. पण वग आला म्हणून संवाद लिहून आले असे नव्हे. सरदाराने गोष्ट सांगायची, कोणाचा प्रवेश कधी, कोणाला कुठे मारायचे आणि कुठे जिवंत करायचे एवढे ठरवायचे. बोलणे ज्याचे त्याने पाहून घ्यायचे. पद्य ठरलेले, गद्य मोकळे. त्या मोकळ्या गद्याचा सर्वांत मोठा वाटेकरी सोंगाड्या.

हे गद्य तो कोठून आणी? उत्तर साधे आहे. हॉटेलाच्या बाकावरून. गावात शिरल्यापासून कनात बांधेपर्यंतचा वेळ हा त्याच्या तयारीचा वेळ. सरपंच कोण, पाटलाचे आणि सोसायटीच्या अध्यक्षाचे जमते की नाही, गावात नुकते काय चोरीला गेले, नळयोजनेचे पाइप येऊन किती वर्षे पडून आहेत, याची तो सहज विचारपूस करी. चहा देणाऱ्याला वाटे, पाहुणा गप्पिष्ट आहे. रात्री राजा दरबारात विचारी, "आमच्या राज्यात पाणी कुठवर आले?" आणि सोंगाड्या हात जोडून सांगे, "नाकातोंडाशी आले, महाराज." वाक्यात विशेष काही नाही. पण नळयोजना रखडलेल्या गावात त्यावर कनात हादरे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पुढाऱ्याला सर्वांबरोबर हसावे लागे. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव, दुसरा प्रश्न. आदल्या रात्रीचा विनोद कनातीबरोबर गुंडाळला जाई, पण कायमचा नव्हे, कारण कोणत्या गावात काय चालते याची नोंद सोंगाड्याच्या डोक्यात वर्षानुवर्षे राही.

या कलेचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा धनी म्हणून दादू इंदुरीकरांचे नाव घेतले जाते. गजानन राजाराम सरोदे हे त्यांचे खरे नाव. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडेजवळचे इंदुरी हे गाव, त्यावरून इंदुरीकर. १९२८ चा जन्म, तमाशा घरातच. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगातला सावळ्या कुंभार ही त्यांची भूमिका आणि त्यांच्यासमोर गंगी म्हणून प्रभा शिवणेकर. शापाने गाढव झालेल्या गंधर्वाचे राजकन्येशी लग्न, एवढीच गोष्ट. ती लोककथांच्या कोठारातून आलेली आहे आणि कागदावर वाचली तर दोन पानांत संपते. इंदुरीकरांनी त्या दोन पानांवर रात्री उभ्या केल्या. सावळ्या घाबरट आहे, आळशी आहे, बायकोच्या धाकात आहे; पण राजाच्या माणसाशी बोलताना त्याचा अडाणीपणा असा काही चालतो की शहाणाच उघडा पडतो. इंदुरीकरांचा आवाज घोगरा, शरीर बेताचे. हातवारे कमी. वाक्य संपल्यावर ते क्षणभर थांबत आणि प्रेक्षकाला आपण होऊन अर्थाजवळ येऊ देत. आपल्याच विनोदावर आपण हसायचे नाही हा धडा पुढच्या कितीतरी नटांनी त्यांच्याकडून घेतला, काहींनी घ्यायला हवा होता.

पुण्यामुंबईच्या रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले, १९७३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८० मध्ये ते गेले. पुढे प्रकाश इनामदार, मोहन जोशी यांच्यासारख्या नटांनी सावळ्या केला, २००७ मध्ये मकरंद अनासपुरे यांना घेऊन चित्रपटही निघाला. प्रत्येकाने आपल्या परीने तो चांगला केला. परंतु ज्यांनी इंदुरीकरांचे प्रयोग पाहिले होते ते एकच तक्रार करीत राहिले, की यात 'ते' नाही. 'ते' म्हणजे काय, हे मात्र कोणाला सांगता येत नसे, कारण 'ते' संहितेत नव्हतेच. ते त्या रात्रीचे, त्या गावाचे होते.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंची गोष्ट थोडी निराळी. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. तमाशाचा वारसा घरचा, शिवा-संभा कवलापूरकरांच्या फडाचा. 'जहरी प्याला' या वगात दोघांनी हवालदार केले आणि महाराष्ट्र त्यांना त्याच नावांनी ओळखू लागला. एकाला हाक मारावी तर दुसऱ्याने ओ द्यावी, एकाने खाल्लेल्या शिवीचा जाब दुसऱ्याने विचारावा, हा घोळ निसर्गानेच त्यांच्या पदरात टाकला होता. एरवी असा योगायोग एका प्रवेशात संपतो. या भावांनी त्यावर आयुष्य काढले. कोणता काळू आणि कोणता बाळू याचा वाद प्रेक्षक प्रयोग सुटल्यावर घरी जातानाही घालीत, म्हणजे पडदा पडल्यावरही विनोद चालूच.

अशा नटांचे नाते परदेशात शोधायचे झाले तर ते शेक्सपिअरच्या विदूषकात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. खरे जवळचे नातेवाईक मात्र इंग्लंडच्या 'व्हरायटी'च्या रंगमंचावर होते. एकोणिसाव्या शतकातल्या म्युझिक हॉलमधून हा प्रकार वाढला. दारूचे गुत्ते, गाणी, कसरती, जादू आणि मध्येमध्ये एकट्याने येऊन प्रेक्षकांशी बोलणारा विनोदी नट. त्यालाही फिरतीवर राहावे लागे, दर आठवड्याला नवे गाव आणि नवी खाणावळ. चार्ली चॅप्लिन फ्रेड कार्नोच्या अशाच मंडळीतून तयार झाला. तेथेही रंगमंचाबाहेरच्या करामतींना ऊत आला होता. १९३० च्या दशकात लंडनच्या पॅलेडियम थिएटरात तीन विनोदी जोड्या एकत्र आल्या आणि 'क्रेझी गँग' म्हणून गाजल्या. फ्लॅनगन आणि ॲलन ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय जोडी. ही मंडळी एकमेकांच्या प्रवेशात घुसत, प्रेक्षकांत जाऊन बसत, रंगपटात सहकाऱ्यांच्या खोड्या काढीत आणि त्यांतली जी खोडी जमली ती दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात घालीत.

टॉमी कूपर हा त्याच परंपरेतला उशिराचा नट. जादू फसवणारा जादूगार ही त्याची ओळख. टॅक्सीतून उतरताना तो चालकाच्या वरच्या खिशात काहीतरी सरकवी आणि माझ्याकडून एक पेला घ्या म्हणे. चालक बक्षिशीच्या आशेने खिसा चाचपी तर आत चहाची पुडी निघे. एका चालकाचा यात पाच मिनिटांचा विरस होत असेल, पण त्याला आयुष्यभर सांगायला गोष्ट मिळे. कूपरचा शेवट मात्र विसरता येण्याजोगा नाही. १५ एप्रिल १९८४ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना तो रंगमंचावर कोसळला. प्रेक्षक हसत राहिले. त्यांना वाटले, हाही खेळाचाच भाग आहे.

एवढ्या टोकाचे नसले तरी या पेशाचे मूळ दुखणे तेच असते. सोंग केव्हा संपले हे प्रेक्षकाला कळत नाही आणि पुष्कळदा कळून घ्यायचे नसते. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतून नाच्या उभा केला तो इतका हुबेहूब, की रस्त्यातही लोक त्यांना नाच्याच समजू लागले. त्यांच्या पुरुषत्वाबद्दल कुजबुज झाली, घरच्यांना टोमणे ऐकावे लागले, मुलांच्या लग्नात त्याचा अडथळा झाला. हे त्यांनी स्वतः सांगितले होते. पडद्यावर ज्या लचक्यावर चित्रपटगृह हसे, तोच लचका ते चालत नसताना लोक त्यांच्या चालण्यात पाहत. २००८ मध्ये पाटील गेले. २०१० च्या प्रारंभी आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' आला तेव्हा अनेकांना प्रथम त्यांची आठवण झाली. निळू फुले यांच्या वाट्याला याची दुसरी बाजू आली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात माळीकाम केलेला, पुस्तकांत रमणारा हा माणूस. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यात त्यांनी लोकांना पोट धरून हसवले. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून ते पडद्यावर इरसाल झाले आणि पुढे खेड्यातल्या बायका त्यांना पाहून पदर सावरू लागल्या. हा किस्सा हसत सांगितला जातो. तो नटाच्या कौशल्याचा पुरावा आहे, हेही खरे. पण दिवसाढवळ्या रस्त्यातून जाताना समोरची बाई आपल्याला पाहून बाजूला सरते, हे रोज सोसणाऱ्याला ते किती काळ हसण्यासारखे वाटले असेल?

कलापथकांतून आणि लोकनाट्यांतून सोंगाड्या शहरात आला तेव्हा त्याच्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. तेथे संहिता लिहिलेली होती, आणि ती सरकारला दाखवावी लागे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली होती. ती उठली ती अश्लीलता टाळण्याच्या अटींसह. पुढे नाटकांसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. मंडळ तपासणार लिहिलेले शब्द, आणि सोंगाड्या बोलणार ते न लिहिलेले. इंग्लंडमध्ये नाटकांच्या संहिता १९६८ पर्यंत लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी जात. बीबीसीनेही १९४९ मध्ये कोणते विनोद चालणार नाहीत याची नियमावली काढली होती. मॅक्स मिलर या ब्रायटनच्या विनोदी नटाने असल्या सोवळेपणावर आपल्या परीने तोड काढली. तो दोन वह्या घेऊन येई, एक पांढरी आणि एक निळी. पांढरीत सोज्वळ विनोद, निळीत चावट. कोणती उघडू, असे तो प्रेक्षकांनाच विचारी. निवड कोणती होई हे सांगायला नको. शिवाय मिलर वाक्य अर्ध्यावर सोडून देई. उरलेले वाक्य प्रेक्षकाच्या डोक्यात पुरे होई, आणि तेथपर्यंत कोणत्याही मंडळाचा हात पोहोचत नाही.

दादा कोंडके हे याच विद्येत पारंगत होते. नायगावच्या चाळीत १९३२ मध्ये जन्म, गिरणगावातले मारामाऱ्यांचे बालपण, बँडपथक, अपना बाजारातली नोकरी, सेवा दल, हा प्रवास त्यांनी अनेकदा सांगितला. सोडावॉटरच्या बाटल्या आणि विटा ही आपल्या लहानपणची शस्त्रे होती, असे ते म्हणत. १९६५ मध्ये वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' त्यांना मिळाले आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सबनिसांची संहिता मुळातच चलाख होती, पण आज ती छापील स्वरूपात वाचणाऱ्याला कोडे पडते, की लोक यावर इतके का हसले. कारण दादांचे हवालदार त्या संहितेला रोज नवे ठिगळ लावीत. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री नाटकात येई. मंत्र्याचे वक्तव्य, रेशनच्या दुकानातली रांग, प्रयोगाला उशिरा आलेले जोडपे, काहीही. रंगभूमीच्या बोलीत याला 'ॲडिशन घेणे' म्हणतात. बहुतेक लेखकांना ॲडिशनचा तिटकारा असतो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. 'विच्छा'मध्ये मात्र ॲडिशन हाच प्रयोग होता. नाटक पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांना त्यांचे नाव सुचवले, १९६९ मध्ये 'तांबडी माती' आला, १९७१ मध्ये 'सोंगाड्या', आणि मग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांचा विक्रम. चित्रपटात दादांनी द्वयर्थी शब्दांची कसरत पुढे नेली आणि चित्रपट परिनिरीक्षकांशी त्यांच्या चकमकी झडल्या. पण पडद्यावरचे दादा दरवेळी तेच बोलत, तेवढेच बोलत. चित्रपटाने त्यांना अमर केले आणि त्यांच्यातला सोंगाड्या एका जागी खिळला, असे 'विच्छा' पाहिलेल्यांचे म्हणणे असे. ते खोडून काढणे कठीण आहे.

आता किस्से कितपत खरे मानायचे, हा प्रश्न. राजा गोसावींचा किस्सा त्यासाठी पाहण्यासारखा आहे. मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करून ते वर आले. १९५२ मध्ये ते नायक झाले, त्या सुमारास पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ते तिकीट खिडकीवर नोकरीला होते. आपण नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटे त्यांनी आपल्याच हाताने विकली, असे सांगतात. चित्रपट 'अखेर जमलं' की 'लाखाची गोष्ट', हे सांगणाऱ्यागणिक बदलते. खिडकीतला हात ओळखून प्रेक्षकाने काय म्हटले, हेही बदलते. बदलत नाही ती एक गोष्ट, नायकाला खिडकीवरची नोकरी सोडणे परवडत नव्हते. किस्सा सांगणारा ही गोष्ट गमतीच्या वेष्टनात देतो आणि ऐकणारा वेष्टन घेऊन जातो. राम नगरकरांनी उलट केले. आपल्या न्हावीकामाच्या, लग्नाच्या, जातीवरून झालेल्या अपमानांच्या साऱ्या हकिकती त्यांनी 'रामनगरी' या आत्मकथनात स्वतःच सांगून टाकल्या, त्यांचा एकपात्री प्रयोग केला, १९८२ मध्ये त्यावर अमोल पालेकर यांना घेऊन हिंदी चित्रपटही निघाला. लोकांनी मागाहून किस्से रचण्याआधीच त्यांनी ते रंगमंचावर आणले. हसवताना अपमान झाकला नाही, हे त्यांचे वेगळेपण.

तमाशाच्या राहुटीतल्या किश्शांना अशी स्वतः सांगणारी माणसे फारशी मिळाली नाहीत. तेथला कलावंत हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मालक सावकाराकडून कर्ज घेतो. ते फिटेपर्यंत त्यालाही फड मोडता येत नाही. मालकाला गंडवून सोंगाड्याने पैसे काढल्याचे जे किस्से रंगतात त्यांच्या मुळाशी ही उचल असते, हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांचा रंग बदलतो. विठाबाई नारायणगावकरांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तेव्हा मागे गेल्या, बाळंत झाल्या, आणि पुन्हा नाचायला आल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस ओढग्रस्तीत गेले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

इंग्लंडमध्ये व्हरायटीच्या नटांनी १८८९ मध्ये 'वॉटर रॅट्स' नावाची आपली मंडळी काढली. शर्यतीतल्या एका तट्टावरून हे नाव पडले, म्हणजे सुरुवात गमतीचीच. पण ही मंडळी आजारी आणि म्हाताऱ्या नटांसाठी पैसा उभा करू लागली. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे ब्रिन्सवर्थ हाउस हे निवृत्त रंगमंच कलावंतांचे घर १९११ पासून चालू आहे आणि राजघराण्याच्या उपस्थितीत होणाऱ्या वार्षिक कार्यक्रमाचे उत्पन्न त्याला मिळते. मॅक्स मिलरचे प्रेक्षकांसमोरचे कार्यक्रम १९३८ मध्येच ध्वनिमुद्रित झाले. ब्रायटनमध्ये त्याचा पुतळा आहे, टॉमी कूपरचा त्याच्या केअरफिली या जन्मगावी आहे. आपल्याकडे ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना शासनाचे मानधन मिळते. २०२४ पासून ते महिना ५ हजार रुपये झाले. सोंगाड्याला ते मिळवायचे तर आपण कलावंत होतो याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याची सारी कारकीर्द न लिहिलेल्या गद्यात गेली, त्याने कोणता कागद जोडावा?

ध्वनिफिती निघाल्या, नाही असे नाही. १९८० च्या दशकात वगांच्या कॅसेटी खेडोपाडी वाजत, एसटी स्थानकाबाहेरच्या हॉटेलांत त्यांच्यावर गिऱ्हाईक थांबे. पण कॅसेट तासा-दीड तासाची. रात्रभराचा वग तिच्यात बसवताना मोकळे गद्यच आधी गेले. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ना सरपंच होता, ना नळयोजना.

सोंगाड्याची जागा खऱ्या अर्थाने आकसली ती घड्याळाने. पूर्वी मध्यरात्री वग उभा राही आणि तांबडे फुटेपर्यंत चाले; रंग चढला तर सोंगाड्या एकाच प्रवेशावर तासभर काढी. २००० मधल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मज्जाव केला. वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, तीही परवानगी काढून. नियम चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या रुग्णालाही झोप हवी असते. परंतु त्याची गाठ नेमकी अशा कलेशी पडली जिचे भांडवलच वेळ होते. संध्याकाळी सातला प्रयोग सुरू करून तीन तासांत आटपायचे म्हटल्यावर गण ठेवावा लागतो, तो देवाचा. चित्रपटगीतांवरची नृत्ये ठेवावी लागतात, कारण पुढच्या रांगेतली तरुण मंडळी त्यांचीच फर्माईश करतात. वग थोडा तरी दाखवावा लागतो, कारण फलकावर त्याचे नाव असते. कात्री चालते ती बतावणीवर.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनामुळे कोरडी गेली; त्या काळात अनेक कलावंतांनी मजुरी धरली, त्यांतले सगळे परतले नाहीत. सुपारी ठरवताना पंच आधी नर्तिका किती आणि वाद्यवृंद कसा हे विचारतात. सोंगाड्या कोण, हा प्रश्न उठण्याच्या बेताला, चहा झाल्यावर, एखादा वयस्क पंच विचारतो.